गोष्टीतला दादा

वस्तीत तिला सगळे शिट्टीवाली म्हणायचे, आणि गंमत अशी की तिला स्वतःला शिट्टी वाजवता येत नव्हती. त्या घरात कुणालाच येत नव्हती. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे नेमकं हेच विसरलं गेलं आणि त्यातून सगळं घडलं.

बाप गेल्यावर त्याचं दुरुस्तीचं दुकान तिनं चालवलं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. आत शिरताना मान वाकवायची, बाहेर पडताना विसरायचं आणि टेंगूळ घेऊन घरी जायचं. पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप, जे येईल ते ती उघडायची. बाईच्या हातात पाना बघून गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" ती म्हणायची, "वर. तुम्हाला जायचंय का भेटायला?" मग गिऱ्हाईक मुकाट पंखा खाली ठेवायचं.

दुकानाला लागून थोरल्या भावाची लाँड्री होती. कोळशाची इस्त्री, लांब टेबल आणि लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे. दादाला पाण्याची बाटली दिली तरी तो तोंडात पाणी धरूनच कपड्यांवर फवारायचा. त्यामुळे अर्धा दिवस त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा, गाल फुगलेले असायचे. आणि शिट्टी वाजवायचा त्याला भारी सोस. ओठांचा चंबू करून जीव खाऊन फुंकायचा आणि निघायची नुसती हवा. फुस्स. समोरचा सायकलवाला रोज तिकडून ओरडायचा, "पंक्चर झालास काय रे? ये, ठिगळ लावतो." दादा हसायचा आणि तोंडातलं पाणी गिऱ्हाइकाच्या सदऱ्यावर.

थंडीत कामाचा रेटा असला की तो लाँड्रीतच झोपायचा. शटर खाली ओढायचं, इस्त्रीतले निखारे घमेल्यात काढून जवळ ठेवायचे, तेवढीच ऊब. बंद जागेत कोळसा धुमसला की जो विषारी वायू होतो त्याला ना रंग ना वास. माणूस खोकतसुद्धा नाही. एका सकाळी दादा उठला नाही.

ती तेव्हा तिथं नव्हती. परगावी मावशीकडे राहून मोटरीचं वाइंडिंग शिकत होती. सकाळी शटर उघडलं ते आईनं. ही घरी पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं, टेबलसुद्धा कुणीतरी पुसून ठेवलं होतं. आत काय पाहिलं ते आई कधी बोलली नाही आणि हिनं कधी विचारलं नाही. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकीनं कूस बदलली की दुसरीला जाग यायची, पण त्या शटरच्या आत दोघींतली एकच गेली होती.

रडणं तिला जमलं नाही. हात चालत होते, ते चालू दिले. जुन्या रेडिओचे भाग, बाहेरून मागवलेला एक छोटा वायू ओळखणारा तुकडा, वर साबणदाणीचं झाकण, असं करत तिनं एक डबी बनवली. खिळ्याला टांगायची. खोलीत तो वायू साचायला लागला की डबी अशी कर्कश शिट्टी मारायची की मेलेला उठून बसावा. हे वाक्य तिनं एकदा सहज बोलून टाकलं आणि मग दिवसभर दुकानातून बाहेर आली नाही.

पहिल्या डब्या तिनं आसपासच्या लाँड्र्यांत टांगल्या. एक म्हातारा इस्त्रीवाला म्हणाला, "अगं, ही तर सासू आणून टांगलीस. जरा ऊब घेतली की बोंबलते."

"सासू बोंबलते म्हणून तुम्ही जिवंत आहात, काका."

"ते खरंय. पण तिला जरा हळू बोलायला सांग."

तिथून ती उबवणीत गेली. शहराच्या कडेला बंद पडलेला काचकारखाना होता, त्यात नवे धंदे उभे करायला मदत करणारं केंद्र निघालं होतं. पाटीवर नाव लांबलचक, लोक म्हणायचे उबवणी. ज्यांच्या डोक्यात काही नवं आहे आणि खिशात काही नाही, अशांना निवडून वर्षभर तिथं बसायला जागा द्यायची, हत्यारं द्यायची, शिकवायचं, आणि पंख फुटले की बाहेर सोडायचं, अशी ती योजना.

आईनं विचारलं, "उबवतात म्हणजे? कोंबड्या आहेत का तिथं?"

"आम्हीच कोंबड्या."

"मग अंडी कोण खातं?"

हा प्रश्न केंद्रातही कुणी विचारला नसावा.

पण नुसती नावं ठेवून चालणार नाही. जे दिलं ते दिलं म्हणायला हवं. जिन्याखाली वाकून काम करणारीला तिथं ताठ उभं राहता येईल असं टेबल मिळालं. कार्यशाळेत मशीनवाल्या बाई होत्या. करड्या आवाजाच्या, कुणाचं कौतुक न करणाऱ्या. त्यांनी साबणदाणीचं झाकण हातात घेऊन म्हटलं, "हे काय आंघोळीला निघालंय?" आणि आठवड्याभरात साचा करून दिला. वकिलानं धंद्याची नोंदणी करून दिली. दुसऱ्या एका जाणत्यानं सांगितलं की डबी लाँड्रीवाल्यांपुरती ठेवू नकोस, शेगडी पेटते ती प्रत्येक बंद खोली तुझी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तपासणीची काचेची पेटी. तिच्यात मोजून वायू सोडायचा आणि डबी वेळेवर वाजते का बघायचं. त्या पेटीतून पास झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय मोठा दुकानदार डबीला हात लावणार नाही. पेटीत तपासणी पुरी व्हायला अजून एक वर्ष हवं होतं. दुसरं वर्ष सगळ्यांना मिळत नाही. वर्षअखेरीस बाहेरच्या परीक्षकांपुढे बोलायचं, मग ते ठरवणार.

म्हणून शुक्रवारी गोष्ट असायची.

सगळे नवउद्योगवाले जुन्या भट्टीच्या दालनात जमायचे. एकेकानं पुढं यायचं आणि तीन मिनिटांत आपला धंदा सांगायचा. शिकवायला गोष्टवाले सर. मऊ बोलायचे, कुणावर चढायचे नाहीत. त्यांची एक पद्धत होती. ते डोळे मिटून ऐकायचे. ज्या वाक्याला डोळे उघडतील ते वाक्य काढून टाकायचं. "माझी झोप मोडली ना," ते म्हणायचे, "म्हणजे ऐकणाऱ्याची तंद्री मोडली."

पहिल्या शुक्रवारी तिनं वायू, तुकडा, बॅटरी असं सांगायला सुरुवात केली. सरांचे डोळे पहिल्याच वाक्याला उघडले ते मिटलेच नाहीत.

"हे का बनवलंस?" त्यांनी विचारलं.

"भाऊ गेला त्यात."

डोळे मिटले. "इथून सुरू कर."

तिनं सांगितलं. मी मावशीकडे होते. डोळे उघडले. ते काढलं. मग कुठं होते म्हणायचं? नुसतं 'नव्हते' सांगून चालत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी ती म्हणाली, मी सकाळी चहा घेऊन गेले. डोळे मिटलेलेच. त्याच्या पुढच्या शुक्रवारी, मी शटर उघडलं. मग, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सरांनी कधी म्हटलं नाही की खोटं बोल. त्यांनी फक्त डोळे उघडले आणि मिटले. तोंडातल्या पाण्याच्या फवाऱ्याला डोळे उघडले, लोकांना किळस वाटते म्हणे. फुस्स हवेला उघडले, हसू येतं आणि पुढचं रडू पातळ होतं. "पण शिट्टी छान आहे," सर म्हणाले. "तो शिट्टी वाजवायचा ना? मग शिट्टी ठेवू."

वर्षाच्या मध्यापर्यंत गोष्ट तयार झाली. दादा सुरेल शिट्टी वाजवायचा. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकू आली की बहिणीला कळायचं, दादा आला. त्या सकाळी शिट्टी नव्हती. बहिणीनं शटर उघडलं. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो म्हणाला, "दार उघडं ठेव." आणि गेला. मग बहिणीनं अशी एक शिट्टी बनवली जी कधी थांबणार नाही. दालनात कुणी हलायचं नाही. गरिबाला आधार द्यायचा तर आधी त्याला रडवून खात्री करून घ्यायची, ही जगाची जुनी खोड आहे. केंद्रानं फक्त त्या खोडीला वेळापत्रक लावलं.

गोष्ट बाहेर चालली. कुठं कुठं बोलावणी आली. केंद्राच्या भिंतीवर तिचा मोठा फोटो लागला, हातात डबी, खाली ते वाक्य: दार उघडं ठेव.

आणि एका संध्याकाळी दुकान बंद करताना गल्लीच्या तोंडाशी तिला शिट्टी ऐकू आली. सुरेल, लांबवलेली. ती कुलूप हातात धरून उभी राहिली. अंगावर काटा आला तो आनंदाचा होता. दादा आला, असंच वाटलं तिला. गल्लीत कुणी नव्हतं. सायकलवाला चाकात हवा भरत होता.

"काका, आत्ता शिट्टी कुणी वाजवली?"

"कुठली शिट्टी?"

त्यानंतर ती शिट्टी येतच राहिली. पंप उघडताना, बसची वाट बघताना, तारांना डाख देता देता. आणि खऱ्या दादाला आठवायला गेली की तो येईना. गाल फुगलेला चेहरा आठवायचा म्हणून ती डोळे मिटायची आणि समोर मांडीवरचं डोकं यायचं. जड, गरम. केस कपाळावर. जे कधी घडलंच नाही त्याचं ओझं तिच्या मांडीला कळत होतं. माणसाला मेलेला माणूस झपाटतो ते समजू शकतं. हिला ज्यानं झपाटलं होतं ते भूतसुद्धा खोटं होतं, आणि ते खऱ्याला दारात उभं राहू देत नव्हतं.

मग केंद्रात घरच्यांना बोलावण्याचा दिवस आला. आईनं ठेवणीतली साडी नेसली. काचेच्या खोल्या बघून म्हणाली, "आत बसलं की सगळ्यांना दिसतं. इथं डुलकी कशी काढायची?" मशीनवाल्या बाई चक्क हसल्या. मग सगळ्यांना भट्टीच्या दालनात बसवलं आणि नमुन्याची गोष्ट म्हणून हिचं नाव पुकारलं. हिला वाटलं पाय मोडून पडावं. पण तोंड सरावलं होतं. तोंडानं गोष्ट सांगितली, जिथं थांबायचं तिथं थांबलं, जिथं आवाज खाली घ्यायचा तिथं घेतला. आई पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं ती पिशवी दोन्ही हातांनी धरली होती.

बसमध्ये आई खिडकीतून बाहेर बघत होती. उतरायच्या जरा आधी म्हणाली, "दार उघडं ठेव, म्हणाला?"

"आई, ते तसं बोलायचं असतं तिथं."

"हो, पण म्हणाला ना?"

हिला वाटलं आई टोमणा मारतेय. टोमणा असता तर बरं होतं. तिनं वळून पाहिलं तर आईचा चेहरा अधाशी झाला होता, दारात आलेल्या पोस्टमनकडे बघावं तसा.

त्या दिवसापासून आई रोज विचारायला लागली. भाजी चिरताना. "जीभ अडखळत होती का गं त्याची?" कपडे वाळत घालताना. "माझं नाव काढलं का?" हिनं एकदा सांगून पाहिलं, की मी नव्हतेच तिथं, तुला ठाऊक आहे. आई म्हणाली, "हो, ठाऊक आहे," आणि जरा वेळानं, "पण मी गेले त्याच्या आधी कुणी गेलंच नसेल कशावरून?" शेजारणीला ती सांगत होती, "माझ्या लेकाची शिट्टी म्हणजे, गल्ली थांबायची." शेजारीण तीच, जी दादाला फुसक्या म्हणून हाक मारायची. तीसुद्धा मान हलवत म्हणाली, "हो बाई, आठवतं ना."

शेवटचं बोलणं जवळ आलं तसं गोष्टवाल्या सरांनी तिला बाजूला घेतलं. "या वेळी आईंना पुढं बोलाव. त्यांनी एकच वाक्य म्हणायचं, माझ्या लेकीनं शटर उघडलं. बस्स. दुसरं वर्ष तुझं."

"ती नाही म्हणेल."

"मी विचारलंय. हो म्हणाल्या."

ती घरी आली तेव्हा ऊन खोलीत अर्ध्यापर्यंत आलं होतं. आई भिंतीकडे तोंड करून चादरीची घडी घालत होती आणि हलक्या आवाजात म्हणत होती, "माझ्या लेकीनं शटर उघडलं. माझ्या लेकीनं, शटर उघडलं." दुसऱ्या खेपेला मध्ये थांबली. कुणी शिकवलं नसताना बरोबर जागी थांबली.

हिनं पिशवी खाली टाकली. "आई. शटर तू उघडलंस."

आईचे हात चादरीवर तसेच राहिले.

"तू उघडलंस. मला सांग काय झालं ते. मी कधी विचारलं नाही, आज विचारते."

आईनं अर्धी घडी घातलेली चादर खाली ठेवली. मग खाली बसली आणि चादरीकडे बघत सांगायला लागली.

"अर्ध्यावर अडकलं. ते नेहमीच अडकायचं. तुझा बाप असल्यापासून तेल घालू म्हणत होते सगळे. मी वाकून आत गेले. तो टेबलाखाली झोपला होता, चादरींवर. लोकांच्या चादरी गं, इस्त्री केलेल्या. मला आधी तेच दिसलं. म्हटलं, आता बोलणी खाणार हा. म्हणून मी रागावले. ऊठ म्हटलं, लोळतोस काय लोकांच्या कापडात. तो उठेना. मग अजून रागावले. मेल्या म्हटलं." ती थांबली. "तो काही म्हणाला नाही. बोलले ती मीच."

बाहेर सायकलवाला कुणाशी तरी भांडत होता.

"चादरी मी परत धुतल्या," आई म्हणाली. "ज्यांच्या होत्या त्यांना दिल्या. कुणाला सांगितलं नाही."

हिनं आईचा हात धरला. आणि त्याच क्षणी, हात हातात असतानाच, तिच्या मनात आलं: मेल्या म्हटलं, इथं थांबायचं. इथं सरांचे डोळे मिटलेलेच राहतील. तिनं आईचा हात एकदम सोडला, चटका बसल्यासारखा. दादा तर सांगून सांगून नासला होताच. आता हेसुद्धा तिच्या तोंडात गेलं असतं आणि आठ-दहा शुक्रवारांत गुळगुळीत होऊन बाहेर आलं असतं. मग आईकडेही काही उरलं नसतं.

"तू येऊ नकोस परवा," ती म्हणाली.

"का? मला येतंय वाक्य."

"म्हणूनच."

आई तरी आली. पुढं नाही बसली, मागे भिंतीशी उभी राहिली. परीक्षक रांगेत बसले होते, बाजूला गोष्टवाले सर, डोळे मिटून तयार. शिट्टीवाली पुढं गेली. डबी वर धरली.

"शेगडी पेटते त्या खोलीत ही खिळ्याला टांगायची," ती म्हणाली. "वाजली की दार उघडायचं. मग वाजायची थांबते. बॅटरी वर्षभर चालते."

सरांचे डोळे उघडले. ती थांबली नाही. कुठला तुकडा, किती वायूला वाजते, कुठं कमी पडते, काय तपासायचं बाकी आहे, सगळं सांगितलं. आणि संपलं. वेळ अजून उरला होता. दालनात खुर्च्या करकरल्या.

एक परीक्षक म्हणाले, "तुमच्या भावाविषयी काही सांगणार होता ना?"

"भाऊ होता मला," ती म्हणाली. "लाँड्री होती त्याची."

"आणि?"

"आणि काही नाही."

दुसरं वर्ष तिला मिळालं नाही. सर तिच्यावर रागावले नाहीत, त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "हातातला घास घालवलास." ती म्हणाली, "माझ्या हातात होता, म्हणून घालवता आला." मशीनवाल्या बाईंनी टेबल रिकामं करायला मदत केली आणि जाता जाता करड्या आवाजात बोलल्या, "जेवणाच्या सुट्टीत पेटी मोकळी असते. मी काही बघत नसते तेव्हा. जेवत असते."

त्यामुळे ती अजून जाते. भर दुपारी, डबी पिशवीत घालून. भिंतीवर तिचा फोटो तसाच आहे, खाली वाक्यही. एका शुक्रवारी पेटी लावून बसली असताना भट्टीच्या दालनातून नव्या तुकडीतल्या, सुट्टीत सराव करणाऱ्या कुण्या मुलीचा आवाज आला. ती तिच्या आजोबांविषयी सांगत होती. पाणी गाळायचं काहीतरी बनवलं होतं तिनं. "त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं," मुलगी म्हणाली आणि बरोबर जागी थांबली. शिट्टीवालीची मांडी जड झाली. पेटीत डबी वाजायला लागली होती, तिला ऐकूच आलं नाही. बाईंनी डबा टाकून येऊन पेटीचा नळ बंद केला.

संध्याकाळी ती घरी आली. पंपाचं झाकण उघडून बसली. आई दारात बसून तांदूळ निवडत होती. उजेड जात चालला होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शिट्टी वाजली. सुरेल, लांबवलेली, अगदी ती. हिचा हात थांबला. मान वळणार होती.

आईनं ताटातून वर पाहिलं नाही.

"तो नव्हे," आई म्हणाली. "त्याला कुठं येत होती."